देवगिरीचे मस्टर

किल्ला पाहण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत आहे. माणूस पायथ्याशी उतरतो, दम खात चढून जातो आणि माथ्यावरून खालचा मुलूख पाहून परत येतो. राजेही तेथूनच पाहत होते, आणि इतिहास लिहिणारेही बहुधा राजाशेजारी बसूनच लिहीत आले. म्हणून कोणत्या साली कोणाचे निशाण लागले हे आपल्याला पाठ असते. परंतु ज्याने खडक फोडला, पोती चढवली, दारावर पहारा केला आणि दिवस मावळल्यावर वेशीबाहेरच्या खोपटात जाऊन पडला, तो माथ्यावरून दिसत नाही. त्याला पाहायचे तर किल्ला खालून पाहिला पाहिजे. देवगिरीसंबंधी मला जे मांडायचे आहे ते या खालच्या बाजूने.

माझी आणि देवगिरीची पहिली भेट १९७६ सालची. मी तेव्हा सातवीत होतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. देवगिरी म्हणजे ‘आपल्या जिल्ह्यातला किल्ला’ असे आम्हांला शाळेत शिकवीत. सहलीची एसटी पहाटे निघाली. खंदकाच्या काठावर गुरुजींनी यादवांची वंशावळ सांगितली. मी विचारले, “गुरुजी, हे खांदलं कोणी?” गुरुजी म्हणाले, “असतील कोणी मजूर.” पोरे हसली आणि आम्ही पुढे गेलो.

रात्री घरी आल्यावर मायला सगळे सांगितले. कडा कसा भिंतीसारखा तासलेला आहे, खंदक किती खोल आहे, ते ती ऐकत होती. १९७२ च्या दुष्काळात माय आणि बाप दोघेही खडी फोडायला जात. हाताला चिंध्या गुंडाळून दिवसभर हातोडा चालवायचा, मुकादम ब्रास मोजणार, मस्टरवर अंगठा उठवला की आठवड्याने पैसे. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी यांच्यावर ते साल निघाले. दगडाचे काम किती आणि त्याला किती हात लागतात याचा हिशेब तिला माझ्या गुरुजींपेक्षा चांगला कळत होता. ती म्हणाली, “येवढा डोंगर तासला म्हणतूस, मंग त्याचं मस्टर कोणाजवळ हाये?”

मी पुढे शिकलो, शिक्षक झालो, आता सेवानिवृत्तही झालो. इतिहासाची बरीच पुस्तके वाचली. मायच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला त्यांत सापडला नाही.

•

आज जालन्याहून देवगिरीला जायचे तर स्टँडवर औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) गाडी धरायची. बदनापूर मागे पडते, चिकलठाण्याजवळ कारखाने सुरू होतात आणि साठेक किलोमीटरवर शहर येते. तेथे खुलताबाद-वेरूळच्या गाडीत बसले की पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. शहर सुटल्यावर थोड्याच वेळात तो शंकूसारखा डोंगर दिसू लागतो. आजूबाजूच्या टेकड्यांपासून तुटून तो एकटाच उभा आहे. उंची सपाटीपासून सुमारे दोनशे मीटर. आज आपण त्याला किल्ला म्हणतो, पण हे एक शहर होते. डोंगराभोवती एकाबाहेर एक अशा तटबंद्या आहेत. सर्वांत बाहेरचा तो मलिक अंबरच्या नावाने ओळखला जाणारा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट, त्याच्याही आत काळाकोट, आणि मग डोंगर. कोण किती आत राहणार, हे या भिंती ठरवीत होत्या.

राजवटींचा हिशेब थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो कोठेही मिळतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने येथे यादवांची राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला आणि रामचंद्रदेवाने अपार संपत्ती देऊन तह केला. काही वर्षांतच यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली आणि दौलताबाद हे नाव दिले. पुढे बहामनी आले, त्यांच्या काळात चांदमिनार उभा राहिला. मग निजामशाही, १६३३ मध्ये मोगल, त्यानंतर हैदराबादचा निजाम, तो १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. साडेसातशे वर्षांत हिंदू राजे गेले, मुसलमान सुलतान आले, दिल्लीचे आले, दक्षिणेचे आले. दरवाजावरचे निशाण वारंवार बदलले. वेशीबाहेरची वस्ती मात्र वेशीबाहेरच राहिली. आपल्या दृष्टीने देवगिरीच्या इतिहासातली खरी घटना ही आहे, आणि तिला साल नाही.

आता पायी चला. महाकोटाच्या दरवाजातून आत शिरले की तोफा मांडलेल्या दिसतात. पुढे उजवीकडे चांदमिनार, डावीकडे हत्ती हौद आणि एका जुन्या मशिदीची वास्तू. तिचे खांब त्याहूनही जुन्या मंदिरांचे आहेत, आणि १९४८ नंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसवलेली आहे. एकाच छपराखाली तीन काळ आहेत. पुढे चिनी महाल, जेथे गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा औरंगजेबाच्या कैदेत होता. मग खंदक लागतो. येथे थांबावे. डोंगराच्या पायथ्याचा सुमारे दीडशे फुटांचा भाग सरळ उभा तासून काढला आहे आणि त्याच्या बुडाशी खडकातच खंदक खोदला आहे. सुरुंगाची दारू वापरून केलेले हे काम नव्हे. छिन्नी, पहार आणि हातोडा. निघालेला दगड डोक्यावर घेऊन बाहेर टाकावा लागला असेल. पाथरवट, वडार, बेलदार, आणि ज्यांना वेठीला धरता येत होते असे गावोगावचे लोक, यांच्याशिवाय अशी कामे या देशात कधी झाली नाहीत. मात्र शिलालेखात राजाचे बिरुद येते, दान घेणाऱ्याचे गोत्र येते. दगड वाहणाऱ्याचे नाव येत नाही.

या गडाची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. अल्लाउद्दीनाच्या वेढ्यात धान्य म्हणून घाईघाईने गडावर चढवलेली पोती नंतर उघडली तेव्हा मिठाची निघाली, म्हणून राजाला शरण जावे लागले. ही गोष्ट सांगताना लोक राजाबद्दल हळहळतात. मला वेगळेच वाटते. ज्याने मोंढ्यावर किंवा बाजारात एकदाही पोते उचलले आहे त्याला विचारा. मिठाचे पोते आणि ज्वारीचे पोते पाठीवर सारखे लागत नाही. गोष्ट खरी असेल तर ती पोती वाहणाऱ्यांच्या पाठीला पहिल्याच पायरीला खरे काय ते कळले असेल. पण त्यांना विचारतो कोण? ज्या समाजात राबणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान म्हणत नाहीत, त्या समाजाचे किल्ले असेच पडतात. ही आख्यायिका यादवांच्या दुर्दैवाची म्हणून सांगितली जाते. ती वर्णव्यवस्थेच्या आंधळेपणाची म्हणून सांगायला हवी. याच राजधानीत हेमाद्रीसारखा मंत्री बसून ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ रचत होता. कोणत्या तिथीला काय दान द्यावे याची नोंद ठेवणारी बुद्धी तेथे होती. पोत्यात काय आहे हे हमालाला विचारण्याची बुद्धी नव्हती.

•

त्या काळातल्या एका मजुराचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. चोखामेळा. जालन्याहून देऊळगाव राजाच्या रस्त्याने गेले की बुलढाणा जिल्ह्यात मेहुणा राजा हे गाव लागते. ते चोखोबांचे जन्मगाव मानले जाते. देवगिरीच्या यादवांचे राज्य त्यांच्या हयातीतच कोसळले. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कूस कोसळले आणि त्याखाली इतर महार मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. साल १३३८. त्या वेळी देवगिरीचे दौलताबाद झालेले होते.

या मरणाचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. जे कूस गावाला सुरक्षित ठेवणार होते, त्याच्या आत चोखोबांना घर नव्हते. ज्याला आत घ्यायचे नाही त्याच्याकडूनच कूस बांधून घ्यायचे, आणि ते पडले तर त्यालाच त्याखाली मरू द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. वेशीची राखण महाराने करायची आणि वेशीच्या आत राहायचे इतरांनी, हा आपल्या गावगाड्याचा नियम होता. किल्ला म्हणजे हाच गावगाडा दगडात मोठा करून बांधलेला. चोखोबांचे नाव राहिले ते त्यांच्या अभंगांमुळे. त्यांच्याबरोबर गाडल्या गेलेल्यांची नावे राहिली नाहीत. मायचे मस्टर येथेही कोरेच आहे.

•

दगडाइतकेच महत्त्वाचे पाणी. देवगिरीवर चढताना पाण्याची व्यवस्था पाहून आजचा इंजिनियरही थक्क होईल. आसपासच्या टेकड्यांतले पाणी तलावांत अडवून, मातीच्या नळांनी खेळवत शहरात आणले होते. हत्ती हौद हा त्याचा मोठा साठा. जवळच सरस्वती बारव आहे. वर डोंगरातही खडकात कोरलेली टाकी आहेत.

पाण्याच्या बाबतीत या भागात एक नाव आदराने घ्यावे लागते, ते मलिक अंबरचे. हबसाणात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली; तेच पुढचे औरंगाबाद. तेथे त्याने जमिनीखालून नहर आणली आणि रस्त्यारस्त्यांवर पाणी खेळवले. बाजारात ज्याची किंमत ठरली होती, त्याने शहराला पाणी दिले. अर्थात मलिक अंबरचे नाव राहिले ते त्याच्या हाती सत्ता आली म्हणून, हे विसरता कामा नये. तरीही जन्माने माणसाची योग्यता ठरत नाही याचा एवढा मोठा पुरावा आपल्या दाराशी आहे. आणि त्याच मुलखात, त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी, काय घडले ते आता पाहू.

१९३४ साल. बाबासाहेब आंबेडकर आणि चळवळीतले त्यांचे सहकारी, मिळून तीसेक माणसे, वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाली होती. काही बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेतल्या होत्या. नाशिककडून येताना वाटेत दौलताबाद लागले, म्हणून किल्ला पाहायचे ठरले. रमजानचा महिना होता. प्रवासाने सगळे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर एक लहान तळे काठोकाठ भरलेले होते, भोवती फरसबंदी. मंडळींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले आणि दरवाजाशी आली. परवानगीची चौकशी चालू असतानाच मागून एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, की अस्पृश्यांनी तळे बाटवले. बघता बघता जमाव जमला. शिव्यागाळी सुरू झाली. आम्ही परगावचे, इथली रीत आम्हांला ठाऊक नव्हती, असे सांगून पाहिले. तेव्हा तो राग स्थानिक अस्पृश्यांवर वळला, की तुम्ही यांना आधी का सांगितले नाही? ती बिचारी माणसे पाणी घेताना तेथे हजरही नव्हती.

बाबासाहेबांनी तेव्हा त्या जमावाला विचारले, की हेच तुमच्या धर्माने शिकवले काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या तळ्यावर अडवाल काय? त्यावर जमाव वरमला. अखेर आत जाण्याची परवानगी मिळाली, पण अट अशी, की किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही. ही अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसून आलेला माणूस देवगिरी चढला तो असा, पाण्यावर नजर ठेवणाऱ्या बंदुकीच्या पहाऱ्यात.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवला. त्यांच्या हस्ताक्षरातली ती टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. मी ती वाचली तेव्हा १९७६ ची सहल आठवली. त्याच दरवाजातून आम्ही पोरे पळत गेलो होतो, आत नळाला तोंड लावून पाणी प्यालो होतो, आणि गुरुजींनी आम्हांला यादवांची वंशावळ सांगितली होती.

या प्रसंगाचा सोयीस्कर अर्थ काढणारे लोक दोन्हीकडे आहेत. एक म्हणतात, पाहा, मुसलमानांनीही हेच केले. दुसरे म्हणतात, तो अज्ञानी जमाव होता, धर्माचा त्याच्याशी संबंध नाही. बाबासाहेबांनी काढलेला निष्कर्ष याहून खोल आहे. जो हिंदूला अस्पृश्य, तो येथे मुसलमानालाही अस्पृश्यच ठरला. म्हणजे जात ही एका धर्माच्या पोथीत बसून राहिलेली नाही. ती या मातीतल्या सत्तेच्या, जमिनीच्या आणि पाण्याच्या व्यवहारात मुरलेली आहे. नवा सत्ताधारी आला की त्याला ती आयती मिळते आणि सोयीची वाटते. त्या म्हाताऱ्याच्या धर्मग्रंथात त्या तळ्यावरची बंदी नव्हती. ती त्याला गावाने शिकवली होती. त्याचबरोबर तळ्यावर विचारलेल्या प्रश्नाचे महत्त्वही ओळखले पाहिजे. धर्म बदलला तर पाणी मिळेल काय, हा तो प्रश्न होता. आणि पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली. १९२७ च्या महाडपासून पाण्याचा जो प्रश्न चालत आला, तो दौलताबादच्या दरवाजाशी धर्माच्या प्रश्नाला येऊन भिडला होता.

•

राबणाऱ्याला विसरणे ही सगळ्या जगाचीच रीत आहे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी एक दूरचे उदाहरण देतो. मेक्सिको देशात ग्वानाहुआतो नावाचे डोंगरांत वसलेले जुने शहर आहे. चढउताराच्या अरुंद गल्ल्या, त्या पायीच पाहाव्या लागतात. नदीच्या जुन्या पात्रावरून आणि जमिनीखालच्या बोगद्यांतून आता मोटारी आणि बसगाड्या धावतात. शहर वाढले ते चांदीच्या खाणींवर. चांदी स्पेनला गेली, हवेल्या मालकांनी बांधल्या, आणि खाणीत राबली ती तेथली मूळची इंडियन आणि मिश्र रक्ताची माणसे. त्यांच्यावरही जन्मावरून उतरंड लादलेली होती. २८ सप्टेंबर १८१० रोजी बंडखोर या शहरावर चालून आले, तेव्हा स्पॅनिश लोक धान्याच्या मोठ्या दगडी कोठारात दार लावून बसले. सांगतात, की पीपिला नावाच्या एका खाणमजुराने पाठीवर दगडाची लादी बांधली, गोळ्यांच्या वर्षावात रांगत दारापर्यंत गेला आणि त्या दाराला आग लावली. ही कथा किती खरी यावर तेथील विद्वान वाद घालतात. पण शहराने तिचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. सगळ्या शहराच्या माथ्यावर, टेकडीवर, हातात मशाल घेतलेल्या पीपिलाचा प्रचंड पुतळा उभा आहे. शहरात कोठूनही वर पाहिले की मजूर दिसतो.

तेथे सगळे आलबेल झाले असा याचा अर्थ नाही. दारिद्र्य तेथेही आहे. तरी पाठीवर दगड वाहणारा माणूस टेकडीच्या माथ्यावर नेऊन ठेवता येतो, एवढे त्या शहराने दाखवले. देवगिरीच्या माथ्यावर बारादरी आहे आणि तोफ आहे.

•

उतरल्यावर आम्ही खुलताबादची गाडी धरली. ती घाट चढताना जुन्या तटाच्या दरवाजाखालून जाते. पुढे कागजीपुरा लागते. तुघलकाच्या राजधानीबरोबर हातकागदाची कला येथे आली असे सांगतात. इतिहास ज्यावर लिहिला गेला तो कागदही असाच कोणाच्या तरी ओल्या हातांनी बनला. खुलताबादेत औरंगजेबाच्या कबरीकडे गर्दी होती. मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे आम्ही चौघेच होतो. बरोबरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, गुलाम होता तर एवढा मोठा मकबरा कसा?” त्याला म्हटले, हाच प्रश्न घरी घेऊन जा.

परतीची गाडी औरंगाबादला आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. जालन्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून विद्यार्थ्यांना नागसेनवनात नेले. दौलताबादच्या तळ्यावर ज्याला अडवले होते, त्याच माणसाने सोळा वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच मराठवाड्यात कॉलेज काढले; आजचे मिलिंद महाविद्यालय ते हेच. त्याच वर्षी २६ जानेवारीला जी राज्यघटना अमलात आली, तिच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक विहिरी आणि स्नानाचे घाट यांच्याबरोबर ‘तलाव’ हाही शब्द आहे. जातीच्या कारणावरून कोणाला तेथे अडवता येणार नाही, असे ते कलम सांगते. वकिलांना तो कायद्यातला एक शब्द वाटेल. दौलताबादच्या दरवाजाशी उभे राहिलेल्या माणसाला त्यात काठोकाठ भरलेले ते लहान तळे दिसते.

शिक्षक मित्रांना एकच विनंती आहे. दरवर्षी तुमच्या शाळांच्या गाड्या देवगिरीला जातात. राजांची नावे जरूर सांगा; ती परीक्षेत येतात. पण दरवाजाशी पाच मिनिटे थांबा आणि १९३४ चा प्रसंग सांगा. खंदकाशी थांबा आणि मुलांना विचारा, की हे किती माणसांचे किती दिवसांचे काम असेल? एखादा वडाराचा किंवा खडी फोडणाऱ्या बाईचा मुलगा वर्गात असेल तर त्याचे उत्तर तुमच्यापेक्षा बरोबर येईल. त्याला ते मोठ्याने सांगू द्या आणि इतरांना हसू देऊ नका.

माय आता नाही. देवगिरी तिने पाहिला नाही. एसटीच्या तिकिटाला पैसे असले तर ते आमच्या वह्यापुस्तकांना लागत. तिने विचारलेले मस्टर कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही, कारण ते लिहिलेच गेले नाही. ते आता आपल्यालाच लिहायला घ्यावे लागेल.